कळवळा, लागण आणि स्पर्श : साथीच्या भयातील ख्रिस्ती करुणेची मराठी भाषा

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. एक अंग चरित्राचे : कोण केव्हा ख्रिस्ती झाले, घरच्यांनी काय केले, समाजाने किती छळले. दुसरे अंग संतकाव्याशी असलेल्या नात्याचे : रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग तुकोबांच्या किती जवळ जातात, याची चर्चा आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. दोन्ही अंगे उपयुक्त असली तरी या वाङ्मयाचा जो खरोखर कठीण विषय, म्हणजे रोग्याजवळ जाणे आणि तेही सारे गाव रोग्यापासून पळत असताना जाणे, तो या दोहोंमधून निसटतो. 'सेवाभाव' हा एक शब्द लिहिला की समीक्षकाचे काम भागते, असा समज रूढ झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात हा विषय भाषेच्या बाजूने पाहावयाचा आहे. रोगाची लागण, तिचे भय आणि रोग्याविषयीची करुणा या तीन गोष्टी मराठी कोणत्या रचनेत मांडते, आणि त्या रचनेच्या कसोटीला आपले काही ख्रिस्ती लेखन कसे उतरते, एवढाच मर्यादित प्रश्न येथे घेतला आहे.

आरंभ 'कळवळा' या शब्दापासून करू. शुभवर्तमानांत येशूला लोकांची, आजाऱ्यांची, उपाशी समुदायाची करुणा आली असे जेथे म्हटले आहे, तेथील मूळ ग्रीक क्रियापद 'स्प्लाग्ख्नोन' म्हणजे आतडे या नामावरून बनलेले आहे. आज चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या मराठी भाषांतराने त्यासाठी 'कळवळा' हा शब्द योजला आहे. मराठीतील भाषांतरांची परंपरा १८०५ मध्ये श्रीरामपुरास छापलेल्या मत्तयाच्या शुभवर्तमानापासून सुरू होते, आणि तीत चुकलेल्या शब्दांची यादी लांबलचक आहे. ही निवड मात्र अचूक आहे. 'आतडे तुटणे', 'पोटात कालवणे', 'आतड्याची माया' असे म्हणणाऱ्या भाषेला करुणेचे स्थान पोटात आहे हे शिकवावे लागत नाही. शिवाय 'कळवळणे' या क्रियापदाचा एक विशेष असा, की ते रोग्यालाही लागते आणि रोग्याकडे पाहणाऱ्यालाही. पोटशुळाने माणूस कळवळतो, आणि त्याला तसा पाहून त्याची आईही कळवळते. 'दया', 'कृपा', 'अनुकंपा' या शब्दांत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. 'कळवळा' शब्दात ही उतरंड नाही, कारण दोघेही एकाच वेदनेने वाकलेले आहेत.

हा शब्द भाषांतरकारांनी घडविलेला नाही. तो वारकरी परंपरेचा, विशेषतः तुकोबांच्या वाणीने मराठी मनात रुजलेला शब्द आहे. म्हणजे येशूची करुणा मराठीत आली ती वारकऱ्यांचा शब्द घेऊन. हे ऋण ख्रिस्ती लेखकांनी नाकारलेले नाही. आपल्या समीक्षेने मात्र ते अभंगाच्या छंदापुरतेच मोजले.

आता वाक्यरचना पाहावी. 'दया' शब्दाशी 'येणे' आणि 'करणे' ही दोन्ही क्रियापदे जातात. दया येते, तशी ती करताही येते, मागताही येते. 'दया कर' ही प्रार्थना आहे. 'कळवळा कर' असे मात्र कोणी म्हणत नाही. कळवळा दाखवता येतो, पण तसे म्हटले की त्यात ढोंगाचा वास येतो. खरा कळवळा फक्त येतो. 'त्याला कळवळा आला' या वाक्यात कर्तेपण कळवळ्याकडे आहे; माणूस चतुर्थीत उभा आहे, आणि त्याच्या बाबतीत काही घडते आहे. त्याला ताप आला, त्याला गाठ आली, त्याला भीती वाटली, त्याला कापरे भरले, त्याला कळवळा आला. रोग, भय आणि करुणा या तिघांनाही मराठी एकाच विभक्तीत बसविते. शूर माणूस भीतीने मुक्त असतो आणि कनवाळू माणूस करुणेने भरलेला असतो, असा जो सोयीचा भेद आपण चरित्रांत वाचतो, तो या भाषेला मान्य नाही. माणसाला दोन्ही येतात, बहुधा एकाच वेळी येतात, आणि दोहोंवर त्याचा ताबा नसतो.

'लागणे' या धातूकडे पाहिले म्हणजे हे अधिकच स्पष्ट होते. पटकी लागते, खरूज लागते, दृष्ट लागते, साथीची 'लागण' होते. त्याच धातूने लळा लागतो, ओढ लागते, एखाद्याचा जीव दुसऱ्याला लागतो. देशावरच्या बोलींत 'लागीर' हा शब्द भुताच्या बाधेलाही आहे आणि प्रेमाच्या वेडालाही. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण मागे टाकून इंदापूरकडे निघाले म्हणजे लोणी देवकर लागते (येथेही 'लागते' हेच क्रियापद आले, हे वाचकाच्या ध्यानात आले असेलच). या टापूतील बोलीत 'लागणे'चे हे दोन्ही संसार शेजारी शेजारी नांदतात. बोलणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नाही. जे माणसाला माणसाशी जोडते तेच त्याला रोगही देते, असे या शब्दाचे म्हणणे आहे. साथीच्या काळात माणसे एकमेकांपासून तुटतात त्याचे कारण त्यांच्यात माया नसते हे नव्हे. मायेचीच वाट रोगाची वाट झालेली असते.

तर मग करुणेचे वाङ्मय सुरू कोठे होते? माझे उत्तर असे, की ते चतुर्थीत सुरू होतच नाही. मार्काच्या पहिल्या अध्यायातील कुष्ठरोग्याचा प्रसंग घ्यावा. तेथे एकाच वाक्यात आधी येशूला कळवळा येतो आणि मग तो हात पुढे करून रोग्याला स्पर्श करतो. मराठी भाषांतरात पहिल्या उपवाक्यात माणूस चतुर्थीत आहे, दुसऱ्यात तो तृतीयेत, कर्ता म्हणून उभा आहे. 'त्याला' हे रूप 'त्याने' होते. सगळी घटना या दोन प्रत्ययांमधील अंतरात घडते. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतातही हेच आहे. कळवळा एका शब्दात आटोपतो. मग जवळ जाणे, जखमा बांधणे, तेल व द्राक्षारस ओतणे, जनावरावर बसविणे, उतारशाळेत नेणे, दोन नाणी काढून देणे अशी क्रियापदांची रांग लागते. लूकला भावनेपेक्षा खर्चाचा हिशेब महत्त्वाचा वाटलेला दिसतो.

भाषांतराविषयी येथे एक तक्रार नोंदविणे भाग आहे. कुष्ठरोग्याच्या प्रसंगी मराठीत 'स्पर्श' हा तत्सम शब्द आला आहे. हा शब्द स्वच्छ आहे, आणि तोच त्याचा दोष आहे. मूळ प्रसंगात रोगी नुसता आजारी नाही. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे तो अशुद्ध आहे. त्याला हात लावणारा विटाळतो. यासाठी मराठीत 'शिवणे' हा नेमका शब्द होता. कावळा शिवतो, शिवाशिव होते, 'शिवू नकोस' असे म्हणत पिढ्यान्‌पिढ्या बायकांना आणि गावकुसाबाहेरच्या माणसांना दूर ठेवले गेले. 'त्याला शिवला' असे भाषांतर झाले असते तर ते मराठी कानाला टोचले असते, आणि ते टोचावयास हवे होते. सभ्य शब्द निवडल्यामुळे एक बंडखोर कृती सौम्य झाली.

या भाषिक विचाराची खरी परीक्षा पुण्याच्या प्लेगात होते. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग पुढच्या वर्षाच्या आरंभी पुण्यास पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या शिपायांकरवी घरे तपासली, रोग्यांना इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेले. २२ जून १८९७ रोजी चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. भाषेच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. शासनाच्या व्यवहारात शोभणारी एक रचना मराठीत कायमची घर करून बसली आहे : रोगी हलविण्यात आले, सामान जाळण्यात आले, घर बंद करण्यात आले. या रचनेत काम होते, पण करणारा नसतो. भय आणि करुणा चतुर्थीत असतात असे वर म्हटले. शासनाची ही 'ण्यात येणे'ची भाषा तर कोणत्याच विभक्तीत माणूस ठेवीत नाही.

अशा वेळी पंडिता रमाबाईंनी १८९७च्या मे महिन्यात 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्राला एक पत्र लिहिले. त्या काळी त्यांचे शारदा सदन पुण्यात होते, आणि मध्य प्रांतातील दुष्काळातून वाचविलेल्या विधवा व मुली त्यांच्याकडे येत होत्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे या मुलींना पुण्यात ठेवणे अशक्य झाले. म्हणून रमाबाईंनी त्यांना केडगाव येथील आपल्या शेतावर हलविले. पुढे मुक्तिसदन म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेची वस्ती अशी वाढली. मुक्तीची उभारणी ख्रिस्ती प्रेरणेतून झाली हे खरे असले, तरी तिची जागा ठरविण्यात प्लेगच्या भयाचाही वाटा आहे. पुण्याहून दौंडकडे जाणारी जी लोहमार्गाची वाट पुढे भिगवणकडे वळते, तिच्यावरच केडगाव आहे. इंदापूर टापूच्या दृष्टीने पाहता रमाबाईंची ही कथा परगावची म्हणता येत नाही.

पत्राचा विषय होता प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांची दशा, आणि विशेषतः सदनातील एका मुलीचे तेथे गेल्यावर काय झाले हा प्रश्न. ती मुलगी परत आली नाही. पत्र इंग्रजीत आहे, म्हणून वर केलेले विभक्तीचे विवेचन त्याला जसेच्या तसे लावता येणार नाही. परंतु त्याची वृत्ती तीच आहे. जेथे शासन म्हणते की रोगी हलविण्यात आले, तेथे रमाबाई विचारतात, कोणी हलविले, कोणाच्या ताब्यात दिले, आणि ती आता कोठे आहे. लोपलेला कर्ता त्या वाक्यात परत आणून बसवितात. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी पत्रातील मजकूर चुकीचा व दिशाभूल करणारा ठरविला. त्या वर्षी विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यातील अत्याचारांविषयी आरोप केले तेव्हा रमाबाईंच्या पत्राचा आधार त्यांनी घेतला होता, आणि गोखल्यांवर पुढे जाहीर माफी मागण्याची पाळी आली. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून सदनाच्या सल्लागार मंडळाने राजीनामे दिले होते आणि पुण्यातील सनातनी व सुधारक या दोन्ही पक्षांत रमाबाईंना फारसे कोणी उरले नव्हते. चार वर्षांनी त्याच पुण्याच्या बाजूने बोलणारी साक्ष एका ख्रिस्ती स्त्रीकडून, एका ख्रिस्ती पत्रात, स्वधर्मीय राज्यकर्त्यांविरुद्ध आली, या गोष्टीचे मोल आपल्या वाङ्मयेतिहासाने केलेले नाही. मिशनऱ्यांच्या अहवालांतून रोग्याच्या खाटेशेजारी बसलेल्या प्रेमळ बाईचे जे चित्र येते त्यात हे पत्र बसत नाही. ते रागावलेले आहे.

आणि येथे मार्काच्या त्याच वाक्याकडे परत जावे लागते. त्या ओळीचा एक पाठभेद अभ्यासकांना परिचित आहे. 'कोडेक्स बेझे' या प्राचीन हस्तलिखितात 'कळवळा येऊन' या अर्थाच्या शब्दाऐवजी 'रागावून' या अर्थाचा शब्द आहे. कित्येक अभ्यासक तोच मूळ पाठ मानतात, कारण रागाचा कळवळा करणे एखाद्या लेखनिकाला सुचेल, उलट क्वचितच. येशू कशावर रागावला, याचे उत्तर वाक्यात नाही. रोगावर, रोग्याला वाळीत टाकणाऱ्या व्यवस्थेवर, असे तर्क करता येतात. मराठी भाषांतरकाराने हा पाठ स्वीकारला तर त्याला 'त्याला राग आला' असे लिहावे लागेल. म्हणजे पुन्हा चतुर्थीच, आणि पुन्हा पुढे तृतीया. रमाबाईंच्या पत्राची जात या पाठभेदाशी जुळते. साथीच्या काळात कळवळा आणि संताप एकाच जागी येतात, आणि त्यांपैकी कोणता आला यापेक्षा त्यानंतर 'त्याने' अथवा 'तिने' काय केले हेच वाचकाच्या हाती उरते.

भय आणि स्पर्श यांचे दुसरे मराठी दालन म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. या ग्रंथावर इतके लिहिले गेले आहे की त्याविषयी आणखी लिहिताना संकोच वाटतो. परंतु त्याची एक रचना लक्षात आणून दिलेली मला आढळलेली नाही. ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाईंचे वडील येतात, आणि त्यांचे सोवळे येते. त्या सोवळ्याचे वर्णन विनोदी आहे, पण त्याच्या तळाशी भय आहे. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली गेल्याखेरीज शुद्ध होत नाही, आणि कुटुंबाचे सारे जीवन या धुण्याभोवती फिरते. स्पर्शाने काहीतरी लागेल, ही त्या घराची श्रद्धा. म्हणजे १८९७च्या प्लेगाने पुणे-नगरास जे भय शिकविले ते या घराने आधीच पाठ केले होते. १८९५ मध्ये पती ख्रिस्ती झाल्यावर, आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेण्यापूर्वीही, लक्ष्मीबाईंच्या मनातून हे सोवळे जाते. तेही एकाएकी जात नाही, पाण्याच्या तांब्यापासून आणि जेवणाच्या ताटापासून जाते. पुढे नगरच्या प्लेगाच्या आठवणी ग्रंथात येतात तेव्हा वाचकाने ही पहिली पाने विसरू नयेत. ज्या मुलीला लहानपणी शिवण्याचे भय शिकविले गेले तीच आता ज्यांना कोणी शिवत नाही त्यांच्यात वावरते, आणि स्वतःला येणारी भीतीही लपवीत नाही.

या आठवणींत लक्ष्मीबाई 'करुणा' हा शब्द मिरवीत नाहीत. त्यांची वाक्ये आखूड आहेत, क्रियापदे घरातली आहेत. त्यांच्या गद्यात 'आम्ही ख्रिस्ती' आणि 'ते इतर' असा विरोध साथीच्या निमित्ताने उभा केलेला नाही. या गुणाचे महत्त्व कळण्यासाठी ख्रिस्ती परंपरेतील फार जुने उदाहरण समोर ठेवावे. तिसऱ्या शतकातील साथीत अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने लिहिलेल्या पत्राचा भाग युसेबियसच्या चर्चच्या इतिहासात टिकून आहे. ख्रिस्ती लोकांनी जिवाची पर्वा न करता रोग्यांची शुश्रूषा केली व त्यातच ते मेले, आणि इतरांनी मात्र आपल्याच माणसांना रस्त्यावर टाकले, असे त्याचे वर्णन आहे. ते उदात्त आहे यात संशय नाही. परंतु त्यात रोगी हा ख्रिस्ती सद्गुणाचा पुरावा होऊन बसतो. आपल्याकडील पुष्कळ मिशनरी लेखनाने हीच रीत उचलली, आणि म्हणूनच ते आज वाचवत नाही. रोगी ज्या वाक्यात दुसऱ्याच्या पुण्याचे साधन होतो ते वाक्य, हेतू कितीही चांगला असो, त्या रोग्याला पुन्हा एकदा दूर लोटते.

डायोनिसियसच्या या विरोधाला मराठी इतिहासाने एक सणसणीत उत्तरही देऊन ठेवले आहे. त्याच १८९७ मध्ये सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याहून एका प्लेगग्रस्त मुलाला उचलून हडपसरजवळ यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्या वारल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. शिवाशिवीचे तत्त्वज्ञान ज्या सत्यशोधकांनी मोडून काढले होते त्यांच्यातल्या त्या होत्या. मग या लेखाच्या विषयातील 'ख्रिस्ती' हे विशेषण कशाला, असे कोणी विचारील. रोग्याला हात लावणे ही कोणा एका धर्माची मालमत्ता नाही, हे उघड आहे. ख्रिस्ती लेखनाजवळ जे स्वतःचे आहे ते एवढेच, की त्याच्या मूळ ग्रंथात अशुद्ध रोग्याला शिवण्याचा प्रसंग अगदी आरंभी येतो, आणि दर रविवारी कोठेतरी तो मोठ्याने वाचला जातो. ज्याने तो ऐकला आहे त्याला साथीच्या दिवशी आपण काय केले हे त्या वाक्याशेजारी ठेवून पाहणे टाळता येत नाही. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांचे लेखन या शेजाराने घडले आहे.

आणखी एक गोष्ट शास्त्राच्या बाजूची आहे. येर्सिनने १८९४ मध्ये प्लेगाचा जंतू ओळखला, आणि सीमोंने १८९८ मध्ये उंदरावरील पिसवेचा संबंध दाखविला. गाठीचा प्लेग मुख्यतः पिसवेच्या चाव्याने येतो. फुप्फुसाचा प्लेग मात्र रोग्याच्या खोकल्यातून थेट पसरतो. म्हणजे १८९७ मध्ये रोग्याच्या हाताला जे भय लोक चिकटवीत होते ते बऱ्याच अंशी चुकीच्या जागी होते, आणि ते त्या वेळी कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते. रोग्याजवळ जाणारी माणसे सुरक्षित आहोत या ज्ञानाने गेली नाहीत. समीक्षकाने हे लक्षात ठेवावयास हवे, नाही तर आजच्या ज्ञानाने तेव्हाचे धैर्य स्वस्त होते.

२०२० मध्ये 'विलगीकरण' हा शब्द पुन्हा घराघरांत आला, आणि महाराष्ट्रात घरी विलग राहावयाचे त्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारला गेला. हाताचीच ओळख संशयाची झाली. त्या वर्षी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाणारी तुकोबांची पालखी पायी निघाली नाही, पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या. तुकोबांच्या वाणीने रुजविलेला 'कळवळा' दरवर्षी ज्या रस्त्याने चालत जातो तो रस्ता त्या आषाढात रिकामा होता. या काळाची मराठी अजून ताजी आहे आणि ती टिपून ठेवण्याचे काम विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे असे सुचवावेसे वाटते. वर्तमानपत्रांनी 'लागण' लिहिले. घरातल्या बोलण्यात 'कोरोना झाला' हा प्रयोग अधिक रूढ झाला, 'लागला' मागे पडला. 'होणे' आणि 'लागणे' यांतील हा फरक लोणी देवकर, पळसदेव, भिगवण या पट्ट्यात वयानुसार कसा बदलतो, पटकी आणि देवी पाहिलेल्या पिढीच्या तोंडी कोणते क्रियापद येते आणि औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या तरुणांच्या तोंडी कोणते, हे मोजता येण्यासारखे आहे. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : आजाऱ्याला जेवण नेऊन देणाऱ्याविषयी बोलताना लोक 'त्याला कळवळा आला' म्हणतात, की 'त्याने डबा नेला' एवढेच म्हणतात.